‘पालकांच्या विनंतीवरून’ : शालेय शिक्षणमंत्र्यांना एका शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
तसेच राज्यातील सर्व संस्थाचालक, प्राचार्य आणि मुख्याध्यापक

विषय : गांजा ओढताना सापडलेल्या अल्पवयीन विद्यार्थ्यांना दाखले देऊन घरी पाठवण्याबाबत.

महोदय,

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. शिक्षकाने मंत्र्यांना काही लिहायचं तर ते मुख्याध्यापकांमार्फत, शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत, योग्य त्या मार्गाने पाठवायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या मार्गावर जी टेबलं लागतात, त्यांतल्या काहींबद्दलच माझी तक्रार आहे. म्हणून हे पत्र उघडं ठेवते आहे.

गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी माझ्या मुलाच्या कनिष्ठ महाविद्यालयातून फोन आला. पार्किंगच्या मागच्या बाजूला सहा मुलं सापडली होती. एका अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत गांजा कुस्करायचा क्रशर, गुंडाळायच्या कागदाची पाकिटं आणि पुडीत उरलेला चिमूटभर गांजा. माझा मुलगा त्या सहांतला एक. बारावी विज्ञान, वय सतरा. त्याला कुणी अडकवलं वगैरे मी म्हणणार नाही. त्याने ओढला होता. त्या दिवशीही, आणि त्याआधी जवळजवळ वर्षभर.

आम्हा सहा घरच्यांना ऑफिसात बसवलं. प्राचार्यांनी आवाज चढवला नाही, अपमान केला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. क्लार्कने कोरा कागद पुढे सरकवला आणि मजकूर सांगायला सुरुवात केली : ‘घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्यास आपल्या महाविद्यालयात पुढे शिकवणे शक्य नाही, तरी शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.’ ‘घरगुती’ या शब्दाशी माझं पेन थांबलं. क्लार्क म्हणाले, “मॅडम, तुमच्याच भल्याचं आहे. नाहीतर वर्तणुकीच्या रकान्यात लिहावं लागेल.” मी लिहिलं, खाली सही केली. आज त्या दाखल्यावर ‘वर्तणूक : चांगली’ आहे आणि ‘शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून’. सहाही दाखल्यांवर हेच शब्द आहेत.

म्हणजे आपल्या खात्याच्या कागदावर त्या दिवशी काहीच घडलेलं नाही. कुणी सापडलं नाही, कुणाला काढलं नाही. सहा घरांत एकाच सोमवारी एकाच वेळी घरगुती अडचण आली, एवढंच.

तो मजकूर मला नवा नव्हता, म्हणून जास्त लागला. २०१७ साली आमच्याच शाळेत नववीतला एक मुलगा असाच सापडला होता. मी त्याची वर्गशिक्षिका. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. त्यांना लिहायला जड जात होतं म्हणून अर्ज मीच माझ्या अक्षरात लिहून दिला आणि त्यांनी अंगठ्याएवढी सही केली. तेव्हा वाटलं, वर्गातली बाकीची त्रेपन्न मुलं वाचली. मागच्या वर्षी तोच मुलगा माझ्या दारात कुरियरचं पार्सल घेऊन उभा होता. “बाई, ओळखलंत का?” मी ओळखलं होतं. दहावी झाली का, हे विचारायचं धाडस झालं नाही. ओटीपी सांगितला आणि दार लावलं.

आता घरातलं. पालकांचं लक्ष नसतं, असं प्रत्येक सभेत ऐकवतात, मीही ऐकवलेलं आहे. तर माझं लक्ष किती होतं ते ऐका. देवापुढे कधी हात न जोडणारा माझा मुलगा अकरावीच्या दिवाळीनंतर स्वतःच्या खोलीत उदबत्ती लावायला लागला. मला कौतुक वाटलं, सासूबाईंना तर भरूनच आलं. दप्तरात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली, तर मी मोबाइल कमी बघ म्हणून ओरडले आणि चष्म्याचा नंबर काढून आणला. खिडकीच्या चौकटीत तंबाखूचा चुरा दिसायचा. सिगारेट रिकामी करून त्यात गांजा भरतात आणि थोडी तंबाखू परत मिसळतात, हे विज्ञानाच्या बाईंना माहीत नव्हतं. रात्री अकराला उठून तीन-तीन पोळ्या आणि साखरांबा खायचा, तेव्हा वाढीचं वय म्हणून मी डब्यात दोन पोळ्या जास्त करून ठेवायचे.

दिसत होतं ते एवढंच, की मुलगा हळूहळू विझत चालला होता. तबला सोडला. गणिताची वही सप्टेंबरपर्यंत भरलेली आणि पुढे कोरी. काही विचारलं की “चिल ना आई.” आणि मग जुलैमध्ये एकदा तो दार लावून बसला. खालचा वॉचमन फोनवर त्याच्याबद्दलच बोलतोय, अशी त्याची खात्री पटली होती. दोन तासांनी उतरलं. आम्ही ते परीक्षेच्या ताणावर घातलं.

या सगळ्यामागचं शास्त्र मला माहीत असायला हवं होतं, कारण नववीला चेतासंस्था मी शिकवते. आपल्या मेंदूत स्वतःची काही रसायनं असतात, जी पेशींमधला संवाद कमी-जास्त करतात. गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, त्यांच्याच जागी जाऊन बसतं. मोठ्या माणसातही बसतं, पण सोळा-सतराव्या वर्षी मेंदूची जोडणी अजून चालू असते. कपाळामागचा जो भाग ‘थांब, विचार कर’ म्हणतो, त्याचं काम पंचविशीच्या आसपास पुरं होतं. त्या काळात रोज बाहेरून ढवळाढवळ झाली, की स्मरण, लक्ष आणि उमेद या तीन गोष्टी पहिल्यांदा ढासळतात. बारावीच्या मुलाकडे दुसरं असतं तरी काय? गांज्याने व्यसन लागत नाही, हीसुद्धा थाप आहे. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण सहातला एक त्याच्या अधीन होतो. मोठेपणी सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण बरंच कमी आहे.

वेडाबद्दल दोन टोकांची बोलणी ऐकू येतात, म्हणून नीट सांगते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. तो अभ्यास १९८७ मध्ये आला. पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. याचा अर्थ ओढणारा प्रत्येक जण वेडा होतो असा नाही. बहुतेक होत नाहीत. पण ज्याच्या घराण्यात हा आजार आहे, त्याच्यासाठी धोका खरा आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत घराण्याचा इतिहास विचारला. माझ्या मिस्टरांचे एक चुलत भाऊ वीस वर्षं त्याच आजाराच्या गोळ्यांवर आहेत. वॉचमनची गोष्ट मला तेव्हा नव्याने आठवली.

न्यूझीलंडच्या डुनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजतागायत अभ्यास चालू आहे. किशोरवयात सुरू करून पुढेही वर्षानुवर्षं गांजा घेत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत आठेक गुणांनी घसरला, असा त्यातला निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला. पुढे जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनी त्यावर शंका घेतली : दोष गांज्याचा, की त्या घरांतल्या परिस्थितीचा? हा वाद मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपण मुलांना तो सांगत नाही. तिथूनच माझ्या तक्रारींना सुरुवात होते.

पहिली तक्रार खोटं बोलण्याबद्दल. दर २६ जूनला आमच्या शाळेत अंमली पदार्थविरोधी दिन होतो. शपथ, रांगोळी, कवटीचं चित्र आणि ‘एक झुरका, आयुष्य बरबाद’. फोटो पोर्टलवर चढवले की कार्यक्रम संपला. माझ्या मुलाने मला सरळ विचारलं, “आई, माझ्या ओळखीतल्या एकाने शंभर झुरके मारलेत आणि त्याला सीईटीला पंच्याण्णव पर्सेंटाइल आहेत. मग फळ्यावर लिहिता ते खोटंच ना?” एक गोष्ट खोटी पकडली की मुलं बाकीच्या खऱ्याही टाकून देतात. त्यात आमचं नाशिक. साधू ओढतात, शंकराचा प्रसाद आहे, सिंहस्थात कोण कुणाला पकडतं? आत्तेभाऊ टोरांटोहून सांगतो, इथे तर दुकानात मिळतो. कॅनडात २०१८ पासून कायद्याने मिळतो हे खरं, पण तिथेही अठरा-एकोणीस वर्षांखालच्या मुलाला विकता येत नाही आणि क्युबेकमध्ये तर एकवीसखाली नाही. ही अर्धी बाजू त्याला कोण सांगणार? अमेरिकेत जप्त होणाऱ्या मालात १९९५ च्या सुमारास टीएचसी चार टक्क्यांच्या आसपास असायचं, ते आता पंधराच्या वर गेलं आहे, आणि मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणारा ‘हायड्रो’, म्हणजे मातीऐवजी पाण्यावर वाढवलेला तीव्र गांजा, पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. ‘आमच्या हॉस्टेलला आम्हीही मारायचो’ म्हणणारे काका ज्याबद्दल बोलतात, तो हा गांजा नव्हे. मुलांना हे आकडे समजतात. त्यांना कवटी नको आहे.

दुसरी तक्रार टपरीची. ही लहान आहे, पण रोज डोळ्यांसमोर असते. सहा मुलं घरी गेली आणि फाटकासमोरची टपरी तिथेच आहे. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. त्या टपरीवर पेपरमिंटच्या बरणीशेजारी गुंडाळायचे कागद लटकतात. तिथे माल मिळतो की नाही, हे मी पाहिलेलं नाही, म्हणून म्हणत नाही. पण सहा मुलांना ‘कुठून घेतला?’ हे कॉलेजने विचारलंच नाही. विचारलं असतं तर पोलिसांना कळवावं लागलं असतं आणि संस्थेचं नाव पेपरात आलं असतं. अल्पवयीन मुलाला अंमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. हे कलम वापरायचं तर आधी मुलाला साक्षीदार म्हणून उभं करावं लागतं. आपण त्याला रिक्षात बसवून घरी पाठवतो.

२०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अंमली पदार्थाचा, कारखाना सापडला तेव्हा नाशिकमध्ये मोर्चे निघाले, सगळे पक्ष बोलले. गांज्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. ‘गांजाच तर आहे’ आणि ‘काढून टाका त्याला’, ही दोन्ही वाक्यं मी एकाच स्टाफरूममध्ये एकाच दिवशी ऐकली आहेत.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याला आपण कठोर म्हणतो. १९८५ चा हा कायदा गांजा ओढणाऱ्याला कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड सांगतो. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला आणि त्याने ते उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मूल अठराखालचं असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि तिथे सुधारणेचाच विचार आधी होतो. म्हणजे पोलिसांच्या कायद्याने मुलासाठी एक दार उघडं ठेवलं आहे आणि शिक्षण खात्याने ठेवलेलं नाही. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही. नववीपासून पुढे, नेमकं ज्या वयात गांजा हाताशी येतो, त्या वयात त्याला वाचवणारा एकही नियम मला तरी सापडला नाही. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, हे तेव्हापासून महाराष्ट्र सभांमधून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. मग क्षयरोग झालेल्या मुलाचाही आपण दाखला हातात देतो का?

दाखला दिल्यावर काय होतं, ते घरात बसून पाहिलंय. पहिले दोन आठवडे तो झोपला नाही. चिडचिड, घाम, जेवणावर वासना नाही, झोप लागलीच तर भयंकर स्वप्नं. सवय सुटताना असं होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून आम्ही तग धरला. पण तिसऱ्या आठवड्यात झोप परत आली तेव्हा करायला काही नव्हतं. सकाळी सातची बस नाही, तास नाही, जर्नल नाही, प्रॅक्टिकल नाही. मोकळे होते ते फक्त बाकीचे पाच. सहा जण रोज दुपारी सोमेश्वरच्या बाजूला जाऊन बसायला लागले. कॉलेजने त्याचं गणित बंद केलं, गांज्याची सोबत तेवढी शाबूत ठेवली.

दुसऱ्या एका महाविद्यालयाने दार किलकिलं केलं. अट एकच : लघवीची तपासणी, रिपोर्ट निगेटिव्ह. त्याने सोडून अठरा दिवस झाले होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. रोज ओढणाऱ्याच्या शरीरात टीएचसीचे अंश चरबीत साठतात आणि सोडल्यावरही कित्येक आठवडे लघवीत उतरत राहतात. त्या तपासणीतून ‘कालच ओढला’ असं सिद्ध होत नाही. हे मी पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडून लिहून नेलं. उपप्राचार्यांनी कागद वाचलाही नाही. त्या रात्री मुलगा म्हणाला, “सोडून काय फायदा झाला?” याचं उत्तर आपल्याकडे असेल तर मला कळवावं.

बाकीच्या तक्रारी आटोपते. समुपदेशक आमच्या शाळेत कागदावर आहेत, म्हणजे भूगोलाचे सर एका दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आले आहेत. मुलांना व्यसनांपासून दूर ठेवण्यासाठीचा विद्यार्थ्यांचा ‘प्रहरी क्लब’ दरवाजावरच्या पाटीवर आहे. व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी केली तर खाट मिळत होती ती पंचेचाळिशीतल्या दारुड्यांच्या रांगेत. सरकारी मानसोपचार विभागाची ओपीडी सकाळची, म्हणजे शाळेच्या आणि नोकरीच्याच वेळेची.

आणि ही सहा घरांची रडकथा समजू नये. एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात १० ते १७ वयोगटातली सुमारे २० लाख मुलं भांग-गांजा-चरस यांपैकी काही ना काही घेतात. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी सरकारला तीन गोष्टी सांगितल्या होत्या : मुलांमधल्या व्यसनाचं सर्वेक्षण, राष्ट्रीय आराखडा आणि अभ्यासक्रमात या विषयाला जागा. सर्वेक्षण झालं. पण शाळेतून कमी झालेली मुलं ‘पालकांच्या विनंतीवरून’ जात असतील, तर नाशिक जिल्ह्यात अशी किती आहेत हे आपल्याला कसं कळणार?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

नववी ते बारावीतला विद्यार्थी पहिल्यांदा सेवन करताना सापडला, तर त्याला दाखला देता येणार नाही, असा शासन निर्णय काढा. त्याऐवजी काय करायचं तेही त्यात लिहा : पालकांची भेट, डॉक्टरांकडे पाठवणी, ठरावीक काळ देखरेख, आणि या सगळ्यात तास चालू. विकणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे, तिथे मी सवलत मागत नाही.

दडपणाखाली लिहून घेतलेले अर्ज बंद करा. वर्षाच्या मध्यात जाणाऱ्या प्रत्येक मुलाची कारणासह नोंद शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. मुलाचं नाव गुप्त राहू द्या, आकडा लपवू नका.

लघवीच्या तपासणीवर प्रवेश अडवू नये, असं लेखी कळवा.

पाच-सहा शाळांमागे एक पूर्णवेळ, शिकलेला समुपदेशक द्या. भूगोलाच्या सरांना भूगोल शिकवू द्या. आरोग्य खात्याशी बोलून जिल्हा रुग्णालयात किशोरांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी वेगळी ओपीडी सुरू करा. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक प्रत्येक वर्गात लावा, कवटीच्या जागी. आम्हाला हे क्रमांक डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये कळले.

टपऱ्यांसाठी नवा कायदा नको. आहे तोच शंभर यार्ड मोजा.

आणि या वर्षी असे दाखले दिलेल्या मुलांना बारावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपायच्या आत त्यांच्याच महाविद्यालयात परत घ्या.

माझं नाव मी खाली लिहिलेलं नाही. ते लपवण्यासारखं नाही, पण माझ्या नावावरून मुलाचं नाव कळेल आणि ते कळू न देण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे. आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवलेल्या प्रतीवर नाव, पत्ता, फोन सगळं आहे.

आज त्या सोमवारला अडतीस दिवस झाले. गेल्या गुरुवारी मी महाविद्यालयात दुसरा अर्ज दिला. या वेळी मजकूर कुणी सांगितला नाही : ‘माझ्या घरी कोणतीही घरगुती अडचण नव्हती व नाही. मी माझी विनंती मागे घेत आहे.’ क्लार्कने दोनदा वाचला, आत नेऊन आणला आणि शिक्का मारून दिला. पोच माझ्याकडे आहे, आवक क्रमांकासह. उत्तर आलेलं नाही.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका
नाशिक